डिस्कवर टेकेपर्यंत: एफसिंकची कुळकथा

युनिक्सच्या जुन्या ऑपरेटरांची एक रीत होती. मशीन बंद करायची वेळ आली की टर्मिनलवर ‘सिंक’ टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. पुन्हा सिंक, पुन्हा एंटर. मग तिसऱ्यांदा. त्यानंतरच मशीन थांबवायचं. नवशिक्याला रीत शिकवली जायची, तिच्यामागचं कारण बहुधा राहून जायचं. त्यामुळे पुढं काही जण तिन्ही सिंक एकाच ओळीत अर्धविराम देऊन लिहू लागले, आणि तसं केलं की रीतीतला जीवच निघून जातो. मेमरीत अडकून पडलेलं सगळं डिस्कवर लिहायला घ्या, एवढं कर्नलला सांगून सिंक ही आज्ञा लगेच परत यायची. लिहून झालं का, हे बघायला ती थांबत नसे. दुसऱ्या-तिसऱ्यांदा टाइप करण्यात जे काही सेकंद जायचे, तेवढ्यात डिस्क आपलं काम उरकून घ्यायची. हमी होती ती माणसाच्या बोटांच्या संथपणाची.

आपण लिहिलेला डेटा वीज गेली तरी टिकेल, हे प्रोग्रामनं कोणत्या क्षणी मानावं? या प्रश्नाचं उत्तर घडायला पन्नास वर्षं लागली आणि अजून ते पुरतं घडलेलं नाही. बँकेतली नोंद, रेल्वेचं आरक्षण, फोनमधला फोटो, सगळं या उत्तरावर उभं आहे. ही कथा मी जितकी वाचत गेलो तितकं मला एक गोष्ट खुपत गेली. बहुतेक वेळा तंत्र नव्हतं म्हणून नुकसान झालेलं नाही. तंत्र हाताशी होतं. ते नेमकी कशाची हमी देतं आणि कशाची देत नाही, हे कुणी उलगडून लिहिलेलं नव्हतं.

सुरुवात बेल लॅब्जमध्ये होते. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची सहावी आवृत्ती १९७५ साली बाहेर पडली. तिचा सोर्स आजही वाचायला मिळतो, आणि वाचावा असा आहे. त्यात बफर कॅशेचा आकार ठरवणारी एक ओळ आहे: बफर १५. प्रत्येक बफर ५१२ बाइटचा. म्हणजे डिस्क आणि प्रोग्राम यांच्यामधला सगळा आडोसा साडेसात किलोबाइटचा. आज मोबाइलवर आलेल्या एका फॉरवर्ड चित्रातसुद्धा याच्या दहापट बाइट असतात. पण पीडीपी-११ मशीनवर मेमरी मोजूनमापून मिळायची आणि डिस्क फार हळू चालायची. एकदा वाचलेला ब्लॉक हाताशी ठेवला, लिहायचे ब्लॉक थोडे साठवून मग एकदम लिहिले, तर सगळ्यांचंच काम वेगानं व्हायचं. या पंधरा बफरांनी युनिक्सला चपळ केलं.

त्याच सोर्समध्ये लिहिण्याची तीन छोटी फंक्शनं शेजारी-शेजारी आहेत. पहिलं डिस्कला लिहायला सांगतं आणि लिहून होईपर्यंत थांबतं. दुसरं लिहायला सांगतं आणि थांबत नाही. तिसरं तर सांगतही नाही; बफरवर ‘लिहायचं बाकी’ अशी खूण करतं आणि मोकळं होतं. आता प्रोग्रामनं फाइलमध्ये लिहिलं की यातलं कोणतं चालतं? कर्नल बघतो, की लिहिणं बरोबर ५१२ च्या हद्दीवर संपलं का. संपलं असेल तर ब्लॉक भरला, तो रवाना करा, पण वाट बघू नका. संपलं नसेल तर याच ब्लॉकमध्ये अजून बाइट येतील असं धरून नुसती खूण करून ठेवा. म्हणजे साध्या फाइलच्या बाबतीत थांबणारं फंक्शन वापरलंच जात नाही. ‘राइट’ हा सिस्टिम कॉल यशस्वी होऊन परत आला तरी डेटा मेमरीतच असू शकतो. हे सगळं दोन-तीन ओळींच्या कोडमध्ये आहे आणि पुढच्या सगळ्या इतिहासाचं बी तिथंच पडलेलं आहे.

खूण केलेले बफर कायमचे अडकून राहू नयेत म्हणून ‘अपडेट’ नावाचा एक छोटा प्रोग्राम पाठीमागं चालू असे. दर ३० सेकंदांनी सिंक करायचं, एवढंच त्याचं काम. मशीन अचानक पडलं तर फार तर गेल्या अर्ध्या मिनिटाचं लिहिलेलं जाईल, असा हिशेब.

थॉम्प्सन यांचा मोठेपणा असा, की या सोयीचं मोल काय द्यावं लागतं हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. १९७८ साली बेल लॅब्जच्या नियतकालिकाचा युनिक्स विशेषांक निघाला. त्यात कर्नलच्या रचनेवरच्या लेखात त्यांनी बफर कॅशेचे फायदे सांगितले आणि लगेच तीन तोटे मांडले. लिहिणं नंतर होत असल्यामुळे डिस्कवर चूक झाली तर ती ज्या प्रोग्रामनं लिहिलं त्याला कळवणं जवळजवळ अशक्य होतं. मशीन मध्येच थांबलं तर प्रोग्रामच्या लेखी पूर्ण झालेलं पण डिस्कवर न पोहोचलेलं बरंच काही हमखास उरतं; सिंकनं मदत होते, पण प्रश्न सुटत नाही. आणि प्रोग्रामनं ज्या क्रमानं लिहिलं त्याच क्रमानं डिस्कवर जाईल असं नाही. पुढच्या चाळीस वर्षांत फाइल सिस्टिमच्या जगात जे मोठे घोळ झाले, ते सगळे या तीन वाक्यांतल्या कुठल्या ना कुठल्या वाक्यात बसतात.

पहिली जाहीर तक्रार डेटाबेसवाल्यांकडून आली, आणि ती येणं साहजिक होतं. बर्कलीला मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांचे सहकारी युनिक्सवर इन्ग्रेस नावाचा डेटाबेस बांधत होते. डेटाबेसचा मूळ धर्म आपल्या पेढीवरच्या हिशेबासारखा आहे: आधी रोजकीर्दीत टिपण, मग खतावणी. मशीन मध्येच पडलं तर रोजकीर्द बघून खतावणी पुन्हा लावता येते. पण त्यासाठी रोजकीर्द खतावणीच्या आधी पक्की व्हायला हवी, आणि युनिक्सचा कॅशे कुठलं पान आधी लिहील याचा भरवसा नाही. १९८१ साली स्टोनब्रेकर यांनी एक लेख लिहून ऑपरेटिंग सिस्टिम डेटाबेसला कुठं कुठं आडवी येते ते सांगितलं. त्यातली एक मागणी अगदी साधी होती: अमुक ब्लॉक आत्ता डिस्कवर ढकल, असं सांगायची सोय द्या.

ही सोय मिळेपर्यंत डेटाबेसवाल्यांनी आडवाट धरली होती. युनिक्समध्ये प्रत्येक डिस्कची दोन रूपं असत. एक कॅशेतून जाणारं, दुसरं ‘रॉ’ म्हणजे कच्चं, प्रोग्रामच्या मेमरीतून थेट डिस्कवर. या कच्च्या डिस्कवर फाइल नाही, नाव नाही, डिरेक्टरी नाही. नुसते क्रमांक घातलेले ब्लॉक. कितीतरी मोठे व्यापारी डेटाबेस वर्षानुवर्षं असे कच्च्या पार्टिशनवर चालले. राइट परत आला म्हणजे डिस्कनं पोच दिली, हे सुख होतं. पण बॅकअप घेणं, जागा वाढवणं, कुठल्या पार्टिशनवर काय आहे याची नोंद ठेवणं हे सगळं हातानं. रिकामं पार्टिशन आहे असं समजून कुणी त्यावर नवी फाइल सिस्टिम बांधली, की खेळ खलास.

१९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत ‘एफसिंक’ आला. एक फाइल सांगायची, आणि त्या फाइलचं जे काही मेमरीत बाकी आहे ते डिस्कवर जाईपर्यंत कॉल परत येत नाही. सिंकनं सगळ्या मशीनला सांगायचं पण थांबायचं नाही. एफसिंकनं एकाच फाइलचं बघायचं आणि थांबायचं. याच वर्षी जर्मनीतल्या हेर्डर आणि रॉयटर या दोघांनी डेटाबेस-व्यवहाराच्या चार गुणांना ‘ॲसिड’ हे नाव दिलं, त्यातला शेवटचा गुण टिकाऊपणा. गुणाला नाव मिळालं आणि तो गुण पाळायचा मार्गही, दोन्ही एकाच वर्षी. मला हा योगायोग फार आवडतो.

एटी अँड टीच्या सिस्टिम व्ही घराण्यातल्या युनिक्सनं वेगळा मार्ग घेतला. तिथं फाइल उघडतानाच ‘ओ-सिंक’ असा झेंडा लावायचा. मग त्या फाइलवरचा प्रत्येक राइट डिस्कपर्यंत जाऊनच परत येणार. दोन घराण्यांच्या दोन चाली एकत्र आणून त्यांना शब्दांत बांधायचं काम पॉझिक्स या प्रमाणकानं १९९३ साली केलं. त्यानं हमीचे दोन दर्जे पाडले. पहिला दर्जा असा, की डेटा आणि तो परत वाचायला जे जे लागेल ते सगळं डिस्कवर पोहोचलं पाहिजे. दुसऱ्या दर्जात त्याशिवाय फाइलबद्दलच्या इतर नोंदीही आल्या. फरक किरकोळ वाटेल, पण फिरत्या डिस्कवर तो ठळक दिसतो. फाइलच्या शेवटी शंभर बाइट जोडले तर फाइलची नवी लांबी नोंदवावीच लागते, नाहीतर ते बाइट कुणाला दिसणारच नाहीत. पण फाइल कधी बदलली ती वेळ नोंदवली नाही, तर डेटाला काहीच धक्का नाही. ही वेळ डिस्कवर भलत्याच ठिकाणी असते. तिच्यासाठी वाचन-लेखनाचं डोकं तिकडं जाऊन पुन्हा परत यावं लागतं. पहिल्या दर्जासाठी ‘एफडेटासिंक’ आणि ‘ओ-डीसिंक’, दुसऱ्यासाठी एफसिंक आणि ओ-सिंक अशी वाटणी झाली.

ही वाटणी कशी कामाला येते ते पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये बघावं. त्याची रोजकीर्द १६ मेगाबाइटच्या फाइलींत असते आणि या फाइली आधीच पूर्ण लांबीच्या करून ठेवलेल्या असतात, जुन्या झाल्या की नाव बदलून पुन्हा वापरल्या जातात. लांबी बदलतच नाही, त्यामुळे लिनक्सवर नेहमीच्या एफडेटासिंकला डेटाखेरीज फारसं काही लिहावं लागत नाही. प्रत्येक व्यवहाराच्या वेळी वाचलेली डोक्याची ती एक फेरी, दिवसाकाठी लाखो व्यवहारांत मोजली की तिचं मोल कळतं.

पण याच पॉझिक्स प्रमाणकात एक पळवाटही आहे, आणि ती उघडपणे ठेवलेली आहे. हमीचा हा भाग ऐच्छिक आहे; ज्या सिस्टिमनं तो स्वीकारलेला नाही, तिथं एफसिंक काहीही न करता परत आला तरी चालेल. अशा सिस्टिमनं आपल्या कागदपत्रांत काय मिळेल ते सांगावं, असं प्रमाणकाचं स्पष्टीकरण म्हणतं. म्हणजे शेवटची भिस्त मॅन्युअलवर. मॅन्युअल लिहिणारा माणूस या कुळकथेत दुय्यम पात्र नाही, तो इथूनच. लिनक्सच्या मॅन्युअल पानांचं काम आधी आंद्रिस ब्राउवर आणि मग २००४ पासून मायकेल केरिस्क यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. कर्नलचा कोड वाचून, छोटे प्रोग्राम चालवून बघून, तो प्रत्यक्षात काय करतो ते केरिस्क लिहीत. या पानांच्या शेवटी ‘टिपा’ आणि ‘दोष’ म्हणून जे येतं, ते बाकीच्या पानापेक्षा जास्त मोलाचं असतं.

अशाच एका टिपेत लिनक्सची जुनी गोष्ट नोंदवलेली आहे. कितीतरी वर्षं लिनक्सवर एकच झेंडा होता, ओ-सिंक. नाव वरच्या दर्जाचं, पण बहुतेक फाइल सिस्टिम प्रत्यक्षात खालच्या, म्हणजे डीसिंकच्या दर्जाचीच हमी देत होत्या. २०१० च्या फेब्रुवारीतल्या २.६.३३ कर्नलमध्ये हे दुरुस्त झालं, आणि दुरुस्तीची पद्धत बघण्यासारखी आहे. जुने प्रोग्राम अचानक मंद होऊ नयेत म्हणून ओ-सिंकचा जुना आकडा ओ-डीसिंकला देऊन टाकला आणि ओ-सिंकसाठी दोन बिटांचा नवा आकडा केला, ज्यात जुना बिटही आहे. जुन्या प्रोग्रामला जे मिळत होतं तेच मिळत राहिलं, फक्त आता त्याला खरं नाव मिळालं. नवा प्रोग्राम जुन्या कर्नलवर गेला तरी त्याला निदान जुन्याइतकं मिळतं. घराण्याचं जुनं कर्ज असं गाजावाजा न करता फेडलेलं मी दुसरीकडं क्वचित पाहिलं आहे.

आता कुळातली दुसरी शाखा. कच्च्या डिस्कचा वेग हवा, पण फाइलींची सोय सोडायची नाही, या इच्छेतून ‘ओ-डायरेक्ट’ जन्मला. तो सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्स सिस्टिममधला. चित्रपट आणि व्हिडिओचे प्रचंड प्रवाह डिस्कवर टाकणाऱ्या मशिनी या कंपनीच्या होत्या. एकदाच लिहायचं किंवा एकदाच वाचायचं अशा डेटाला मधल्या कॅशेचा उपयोग नाही; उलट दर वेळी तो एका मेमरीतून दुसरीत नक्कल करण्यात प्रोसेसर दमतो. ओ-डायरेक्ट लावून फाइल उघडली की डेटा प्रोग्रामच्या मेमरीतून थेट डिस्ककडं जातो. अट एवढीच, की मेमरीतला पत्ता, फाइलमधली जागा आणि लांबी ही तिन्ही ठरलेल्या आकड्याच्या पटीत हवीत. आयरिक्सनं हा आकडा विचारायचीही सोय दिली होती: फाइल दाखवा, कर्नल सांगेल मेमरी किती बाइटांच्या हद्दीवर हवी आणि कमीत कमी किती लिहावं लागेल.

लिनक्समध्ये ओ-डायरेक्ट २००१ च्या सप्टेंबरात २.४.१० या आवृत्तीत आला. झेंडा घेतला, विचारायची सर्वसाधारण सोय मात्र घेतली नाही. २.४ मध्ये फाइल सिस्टिमच्या ब्लॉकची पट लागायची, २.६ पासून खालच्या डिस्कच्या सेक्टरची, साधारण ५१२ बाइटांची. मग ४०९६ बाइटांचे सेक्टर असलेल्या डिस्का आल्या आणि ५१२ धरून चाललेले प्रोग्राम त्यांच्यावर अडकले. चुकलं तर मिळणार काय, तर चूक क्रमांक २२, म्हणजे ‘दिलेलं मूल्य बरोबर नाही’. पत्ता चुकला, जागा चुकली की लांबी, हे त्यातून कळत नाही. काही फाइल सिस्टिम तर चूकही देत नसत. गुपचूप कॅशेतून लिहून टाकत. लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांना ही सगळी रचनाच नापसंत होती. २००२ साली त्यांनी तिच्यावर इतक्या कडक शब्दांत टीका केली, की ती पुढं अनेक वर्षं मॅन्युअलच्या पानावरच छापलेली होती.

ओ-डायरेक्टबद्दलचा सगळ्यात महागडा गैरसमज त्याच्या नावातूनच आला. थेट डिस्कवर लिहिलं म्हणजे टिकाऊ झालं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मॅन्युअल स्पष्ट सांगतं, की हा झेंडा लिहिणं तिथल्या तिथं उरकायचा प्रयत्न करतो, ओ-सिंकसारखी हमी देत नाही; हमी हवी तर दोन्ही झेंडे लावा. कारणं दोन. फाइल वाढत असेल तर डेटा डिस्कवर पोहोचला तरी नवे ब्लॉक या फाइलचे आहेत ही नोंद मेमरीतच राहू शकते. आणि डिस्कच्या पोटात स्वतःचा कॅशे असतो, त्याला ओ-डायरेक्ट हात लावत नाही. मधला कॅशे वगळणं आणि टिकण्याची हमी देणं ही दोन वेगळी कामं आहेत.

या फरकाचं मी वाचलेलं सगळ्यात नेमकं वर्णन व्हेरिटास कंपनीच्या व्हीएक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या पुस्तिकांत आहे. तिथं ‘डायरेक्ट’ आणि ‘अनबफर्ड’ असे दोन प्रकार आहेत. दोन्हींत कॅशे वगळला जातो, दोन्हींना पटीची अट लागते. पण फाइल वाढत असताना डायरेक्ट प्रकारात नोंदीतला बदल पक्का होऊनच कॉल परत येतो, अनबफर्ड प्रकारात त्याची वाट बघितली जात नाही. याच फाइल सिस्टिममध्ये माउंट करताना द्यायचा एक पर्याय आहे, ज्यानं प्रोग्रामनं मागितलेल्या ओ-सिंकचा अर्थ ॲडमिन बदलू शकतो: त्याचं डायरेक्ट करा, डीसिंक करा, किंवा चक्क ‘डिले’ करा, म्हणजे हमी रद्द. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं वचन मागावं आणि मशीन चालवणाऱ्यानं ते परस्पर काढून घ्यावं, हे भयंकर आहे. पण ते छापून, धोक्याच्या सूचनेसह सांगितलेलं आहे, हे मला प्रामाणिक वाटतं. व्हेरिटासचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं. साठवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये हात मुरलेले इंजिनिअर पुण्यात आजही भेटतात, त्याला या केंद्राचा मोठा हातभार आहे.

डिस्कच्या पोटातल्या कॅशेचं प्रकरण फिरत्या डिस्कच्या साध्या गणितानं उघडं पडायचं. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, एक फेरा साधारण ८.३ मिलिसेकंदांचा. रोजकीर्दीत एकामागून एक नोंद पक्की करायची तर पुढची नोंद लिहायला तीच जागा पुन्हा डोक्याखाली यायला हवी, म्हणजे सेकंदाला फार तर १२० च्या आसपास. आता अशा डिस्कवर चाचणी घेतली आणि सेकंदाला तीन हजार एफसिंक झाले, तर मशीन वेगवान आहे असं समजून खूश होऊ नये. कुणीतरी खोटी पोच देत आहे. मधे कॅशेला बॅटरीचा आधार असलेला कंट्रोलर असेल तर ठीक; नसेल तर डिस्कनं डेटा स्वतःच्या कॅशेत घेऊन ‘लिहिलं’ म्हणून सांगितलेलं असतं.

डिस्कला तिचा कॅशे रिकामा करायला सांगणारी आज्ञा असते. प्रश्न हा, की एफसिंकनं ती द्यायची का? लिनक्सवर या प्रश्नाचं उत्तर फाइल सिस्टिमनुसार आणि माउंटच्या पर्यायानुसार बदलत राहिलं. ॲपलनं मॅकवर वेगळाच निर्णय घेतला: एफसिंक डेटा डिस्ककडं सोपवतो आणि तिथं थांबतो. डिस्कनं तो खरोखर लिहावा असं वाटत असेल तर ‘फुलएफसिंक’ नावाची निराळी मागणी करायची. मॅकच्या मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. एसक्यूलाइट या सर्वत्र पसरलेल्या छोट्या डेटाबेसमध्ये या मागणीसाठी वेगळी कळ आहे, आणि ती मुळात बंद असते.

२००८ आणि २००९ या दोन वर्षांनी सामान्य वापरणाऱ्यालाही एफसिंकची ओळख करून दिली. आधी फायरफॉक्स ३. त्यानं ब्राउझिंगचा इतिहास एसक्यूलाइटमध्ये ठेवायला घेतला, आणि एसक्यूलाइट प्रामाणिकपणे एफसिंक करायचा. पण लिनक्सवरच्या एक्सट३ फाइल सिस्टिमच्या नेहमीच्या पद्धतीत एका फाइलचा एफसिंक म्हणजे जवळजवळ सगळ्यांचं बाकी लिहिणं उरकणं. पाठीमागं मोठी फाइल कॉपी होत असेल तर दुव्यावर क्लिक करून ब्राउझर सेकंदामागून सेकंद गोठायचा. यातून अनेक प्रोग्रामरांनी धडा घेतला, की एफसिंक वाईट, तो टाळा. पुढच्याच वर्षी एक्सट४ वापरात आली. ती डेटा डिस्कवर कुठं ठेवायचा हे ठरवणं लांबवते. मशीन पडल्यावर लोकांना आपल्या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटांच्या झालेल्या दिसू लागल्या. नव्या फाइलीत लिहून ती जुन्या नावावर आणायची, अशी चाल हे प्रोग्राम करत होते. नाव बदललं गेलं, पण आतला डेटा अजून पोहोचलाच नव्हता. फाइल सिस्टिमचे प्रमुख थिओडोर त्सो यांनी सांगितलं, की पॉझिक्सनुसार एफसिंक न करता हमी नाही. लोक म्हणाले, एक्सट३ वर तर चालत होतं. शेवटी एक्सट४ मध्ये या चालीसाठी खास सवलत घातली गेली, आणि मला ते योग्य वाटतं: वर्षानुवर्षं जे चालत आलं तेही लोकांनी वचनच मानलेलं असतं.

नीट चाल अशी: नवी फाइल लिहा, तिला एफसिंक करा, नाव बदला, आणि मग डिरेक्टरीलाही एफसिंक करा. ही शेवटची पायरी भलेभले विसरतात. फाइलचा डेटा पक्का झाला म्हणून तिचं नाव डिरेक्टरीत पक्कं झालं असं होत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली ११ नामांकित प्रोग्राम तपासले, त्यात मशीन पडल्यास डेटा बिघडू शकेल अशा ६० कच्च्या जागा सापडल्या.

आणि मग २०१८. पोस्टग्रेस हा इन्ग्रेसचा वंशज, स्टोनब्रेकर यांनीच सुरू केलेला. पण पूर्वजानं ज्याच्याबद्दल तक्रार केली त्या कॅशेवर वंशजानं निवांत भिस्त ठेवली होती. पानं कर्नलकडं द्यायची, अधूनमधून एफसिंक करायचा, तो यशस्वी झाला की तेवढी रोजकीर्द मोडीत काढायची. एफसिंकनं चूक दिली तर? थोड्या वेळानं पुन्हा करायचा. मार्च २०१८ मध्ये पोस्टग्रेसचे विकसक क्रेग रिंगर यांनी दाखवून दिलं, की लिनक्सवर हा दुसरा एफसिंक यशस्वी होतो आणि डेटा मात्र डिस्कवर नसतो. लिहिताना डिस्कनं नकार दिला की कर्नल चूक झाल्याची खूण करून ते पान ‘स्वच्छ’ मानत होता. पहिल्या एफसिंकनं चूक सांगितली, खूण पुसली गेली. दुसऱ्याला लिहायचं बाकी काही दिसलंच नाही. कर्नलवाल्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं: कुणी यूएसबी ड्राइव्ह उपटून नेला तर त्याची कधीच न लिहिली जाणारी पानं मेमरीत किती काळ साठवायची? फ्रीबीएसडी मात्र अशी पानं बाकी म्हणूनच ठेवत होता. दोघांचे कॉल एकाच नावाचे, आणि चूक झाल्यावर पुढं काय, हे पॉझिक्सनं बांधून दिलेलं नव्हतं. वीस वर्षं दोन हुशार गट एकमेकांशेजारी काम करत होते आणि या एका प्रश्नाचं उत्तर दोघांनी आपापल्या मनात वेगळं धरलेलं होतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसच्या सगळ्या चालू आवृत्त्यांत दुरुस्ती आली. आता एफसिंक एकदा जरी चुकला तरी डेटाबेस स्वतःला पाडतो आणि रोजकीर्द वाचून सगळं पुन्हा उभं करतो. चूक लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचवायची व्यवस्था लिनक्समध्ये जेफ लेटन यांनी २०१७ मध्येच ४.१३ कर्नलपासून सुधारायला घेतली होती. या वादानंतर तिच्यातल्या फटी बुजवल्या गेल्या.

ओ-डायरेक्टकडं नव्यानं बघायचं कारणही यातूनच मिळालं. कॅशे मधे नसेल तर डिस्कचा नकार त्याच राइटला, त्याच प्रोग्रामला, त्याच क्षणी कळतो. डिसेंबर २०२२ मधल्या ६.१ कर्नलपासून फाइल सिस्टिमनं साथ दिली तर प्रोग्रामला फाइलबद्दल थेट लिहिण्याची पट किती, हे विचारता येतं. आयरिक्सवर जे विचारता येत होतं ते. २०२३ च्या पोस्टग्रेस १६ मध्ये थेट लिहिण्या-वाचण्याची कळ आली. तिच्या नावाला ‘डीबग’ जोडलेलं आहे आणि मॅन्युअल सांगतं, की सध्या हिनं काम मंदावतं, ही फक्त विकसकांनी तपासायला वापरावी. कर्नलचा कॅशे पुढचं आधीच वाचून ठेवायचा, ते आता डेटाबेसला स्वतः करावं लागणार आहे. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत वाचन न थांबता चालवण्याची यंत्रणा त्यासाठीच घातली गेली. लिहिण्याच्या बाजूचं तसं काम अजून चालू आहे.